नमुनेबाईंची व्हॅनिला

नमुनेबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. शहराच्या पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेत त्यांनी एकतीस वर्षं काढली. रोज सकाळी बाटल्यांची पेटी खांद्याला अडकवून त्या निघायच्या आणि टाक्या, विहिरी, शाळांचे नळ, इस्पितळांचे नळ असं हिंडून पाण्याचे नमुने गोळा करून आणायच्या. म्हणून नमुनेबाई. नावात दुसराही अर्थ दडलाय हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. "नमुना म्हणायचं ते लोक म्हणतातच. निदान पुढे बाई तरी लावतात," असं त्या स्वतःच सांगायच्या आणि समोरच्याच्या आधी हसून घ्यायच्या.

निवृत्त झाल्या तेव्हा खात्यानं त्यांना फुलांचा गुच्छ दिला, आणि त्यांनीच मागितलं म्हणून मोडीत काढलेलं एक छोटं यंत्र दिलं. पाण्यात त्याची कांडी बुडवली की मीठ किती ते आकड्यात दिसायचं. साहेबांनी विचारलं, "घरी याचं काय करणार, बाई?"

"बघू," बाई म्हणाल्या. खरं तर त्यांनाही माहीत नव्हतं.

त्यांचे यजमान घड्याळजी. बाजारात एका जिन्याखाली त्यांचं दुकान होतं; एक टेबल, एक दिवा आणि गिऱ्हाइकाला बसायला एक डुगडुगतं स्टूल. तिथं बसून या माणसानं उभ्या शहराची घड्याळं चालती ठेवली. पुढे लोक वेळ फोनवर बघायला लागले, बंद पडलेलं घड्याळ दुरुस्त करण्यापेक्षा फेकणं सोपं झालं, आणि बाई निवृत्त व्हायच्या दोनच महिने आधी घड्याळजींनी दुकानाला कुलूप घातलं. डोळ्याला लावायचं भिंग, चिमटे, सुईसारखे पेचकस असं सगळं एका पत्र्याच्या डब्यात भरलं आणि डबा कपाटावर ठेवून दिला. मुळात ते अबोल होते; आता तर चहा पाहिजे का म्हटलं तरी मानेनंच सांगायचे.

अशातच थोरल्या नणंदबाईंनी निरोप पाठवला. त्यांचं समुद्रकाठी बैठं घर होतं. गुडघे कुरकुरायला लागले म्हणून त्या मुलाकडे शहरात राहायला आल्या होत्या आणि घर रिकामं पडलं होतं.

"तुम्ही दोघं जाऊन राहा तिथं," त्या म्हणाल्या. "बंद घराच्या खिडक्या वारा खाऊन टाकतो. फक्त एक सांगून ठेवते. मागच्या अंगणात काही लावायच्या भानगडीत पडू नकोस. चाळीस वर्षांत तिथं मी धड गवत उगवलेलं पाहिलं नाही."

"बरं, वन्सं," असं म्हणून बाईंनी सामान बांधलं. त्या सामानात बियाण्यांची बारा पाकिटं होती.

अंगण म्हणजे चाळीस पावलं लांब आणि वीस पावलं रुंद अशी वाळू. मधे कपडे वाळत घालायचे दोन खांब, टोकाला कमरेएवढी दगडी भिंत, आणि भिंतीपलीकडे थेट समुद्र. बाईंनी वाफे केले, टोमॅटो, पालक, शेंगा असं साधंसुधंच पेरलं. उगवलं मात्र जोमात. बाई रोज सकाळी चहाचा कप घेऊन वाफ्यांशी उभ्या राहायच्या आणि नणंदबाईंना फोनवर काय सांगायचं त्याची मनात जुळवाजुळव करायच्या. पाचव्या आठवड्यात पानांच्या कडा तपकिरी झाल्या. सहाव्यात पानं कागद जाळल्यासारखी चुरायला लागली.

बाईंनी खाली वाकून कीड शोधली, सापडली नाही. मुळं उकरून बघितली, ठीक होती. मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि टोमॅटोचं एक पान चाटलं.

"चव कशी आहे?" कुंपणापलीकडून आवाज आला.

शेजारचे कप्तान होते ते. आयुष्यभर मालवाहू बोटींवर नोकरी करून आता किनाऱ्याला लागलेले, उंच, एकट्यानं राहणारे. पुढे त्यांनी ही गोष्ट अनेकांना सांगितली: नवे शेजारी आलेत, बाई झाडं चाटतात.

"खारट," बाई जराही न ओशाळता म्हणाल्या.

"असणारच. समुद्र काय भिंतीबाहेर थांबतो का, वहिनी? तो वाऱ्यावर बसून येतो."

"मग भिंत वाढवावी लागेल."

"चुकूनही करू नका तसं. भरीव भिंतीवर वारा आदळला की वरून उडी मारतो आणि पलीकडे गडबडा लोळतो. तुमचे वाफे नेमके तिथंच आहेत. वाऱ्याला अडवायचं नसतं, दमवायचं असतं."

दुसऱ्या दिवशी कप्तान स्वतःच मासेमारीची टाकाऊ जाळी घेऊन आले. खांब रोवून दुहेरी जाळी ताणली, तिच्या आतल्या अंगाला खारं वारं सोसणारी जाडपानी झुडपं लावली. बाईंनी जाळीच्या अलीकडे आणि पलीकडे काचेचे तुकडे टांगले, आठवड्यानं ते धुऊन त्या पाण्यात यंत्राची कांडी बुडवली आणि आकडे वहीत लिहिले. आतल्या काचेवर मीठ निम्म्याहून कमी होतं. तो कागद त्यांनी कप्तानांना नेऊन दाखवला.

"मी तोंडानं सांगितलं होतं, ते पुरलं नाही का?"

"पुरलं हो. पण आता खरं झालं," बाई म्हणाल्या.

वाऱ्याचं झालं, राहिली वाळू. वाळूत पाणी ठरत नव्हतं आणि खत तर त्याहून नाही. भरती ओसरली की किनाऱ्यावर समुद्री शेवाळाचे ढीग पडायचे. बाई ते पाटीनं आणायच्या, गोड्या पाण्यानं तीनदा धुवायच्या, आकडा उतरला की वाळक्या पानांबरोबर आणि स्वयंपाकघरातल्या सालीटरफलांबरोबर कुजवायच्या. त्या ढिगात एकदा त्यांनी माशांची डोकीही पुरली. आठवडाभर पंचक्रोशीतली मांजरं अंगणात मुक्कामाला होती, कप्तान नाकाला रुमाल लावून हिंडत होते, आणि घड्याळजींनी वर्षभरातलं सर्वांत लांब वाक्य उच्चारलं: "अगं, हे जर असंच चालणार असेल, तर मी दुकानाचं कुलूप उघडून तिथं जाऊन राहीन." माशांची डोकी त्यानंतर बंद झाली.

गोगलगायींनी एका हंगामात रोपं फस्त केली, तेव्हा कप्तानांनी निळ्या गोळ्यांचा डबा पुढे केला. रात्री टाका, सकाळी सगळ्या मेलेल्या. बाईंनी डबा हातात घेऊन त्यावरचं बारीक अक्षर शेवटपर्यंत वाचलं आणि परत दिला.

"एका शाळेच्या विहिरीत मला असलंच काहीतरी सापडलं होतं, कप्तान," त्या म्हणाल्या. "कुणी मुद्दाम टाकलेलं नव्हतं. वरच्या अंगाला शेतं होती, पावसानं वाहून आलं. विहीर बंद करेपर्यंत मी तीन दिवस त्या शाळेच्या दारात उभी होते, मुलांना पाणी पिऊ देत नव्हते. आता हेच मी आपल्या हातानं टाकू?"

कप्तानांनी डबा खिशात घातला. पुढचे पंधरा दिवस रोज संध्याकाळी दोघं बादली घेऊन गोगलगायी वेचत होते. कप्तान प्रत्येक गोगलगायीला बोटीवरच्या एखाद्या जुन्या अधिकाऱ्याच्या हुद्द्यानं हाक मारून बादलीत टाकायचे.

दोन वर्षांत अंगणाचा रंग पालटला. आणि मग बाईंना साध्यासुध्याचा कंटाळा आला. किनाऱ्यावर आपोआप वाढणारी, खारट रसाळ पानांची एक वेल त्यांनी वाफ्यात आणली. तिची पानं कच्चीच कोशिंबिरीत घातली की वरून मीठ लागत नसे. जाळीवर पॅशन फ्रूट चढलं. केशरी फुलांची नॅस्टर्शियम आली, आणि फुलं खायची म्हटल्यावर घड्याळजींनी ताट थोडं लांब सरकवलं. ॲव्होकॅडो आलं, स्ट्रॉबेरी आली, घराच्या भिंतीच्या आडोशाला कॉफीची पाच झुडपं आली. जवळच्या गावात एक रोपवाटिका होती. तिथल्या मालकीणबाई नमुनेबाईंना ओळखायला लागल्या होत्या. एकदा त्यांनी ओल्या कागदात गुंडाळलेली हातभर लांब, जाड, हिरवी वेल पुढे केली.

"व्हॅनिला. न्या. पण सांगून ठेवते, ही लाडावलेली आहे. ऊन नको, वारा नको, आणि फूल यायला तीन वर्षं."

बाईंनी ती घराच्या मागच्या भिंतीशी, धुणं धुवायच्या दगडापाशी, सावलीत लावली. तिथं वारा बिलकूल पोचत नव्हता. कुजलेल्या पानांनी भरलेलं गुडघाभर उंचीचं लाकडी खोकं तिला दिलं. वेल भिंतीला बोटं रोवत रोवत चढली, छतापर्यंत गेली, परत खाली वळली. तीन वर्षं नुसती पानं.

दरवर्षी नणंदबाई पंधरा दिवस राहायला यायच्या आणि काठी टेकत बाग बघायच्या. टोमॅटो बघून म्हणायच्या, "नशीब तुझं." पॅशन फ्रूट बघून म्हणायच्या, "या वर्षी वारा कमी होता." वेलीपुढे मात्र त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "भिंतीला ओल येईल."

चौथ्या वर्षी वेलीला कळ्यांचे घोस आले. बाईंनी पुस्तक काढून पुन्हा वाचलं. फूल सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत मिटून जातं. त्याला फळ धरायला लावणारी माशी इथं नाही. ते काम माणसानं करायचं. फुलाच्या आत एक इवलासा पडदा असतो. तो काडीनं उचलायचा आणि वरचा पराग खालच्या भागाला टेकवायचा. बाईंनी दात कोरायची काडी घेतली, चष्मा पुसला आणि पहिलं फूल फाडलं. दुसरंही फाडलं. तिसऱ्यात पडदा कुठला आणि पाकळी कुठली तेच कळेना. त्यांची बोटं बाटल्यांची बुचं पिरगाळून जाड झालेली, आणि डोळ्यांचं म्हणाल तर डॉक्टरांनी मोतीबिंदूचा इशारा दिलेला.

घड्याळजी मागच्या पायरीवर वर्तमानपत्र वाचत बसले होते. चौथं फूल फाटल्यावर त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"दाखव."

"अहो, नाजूक आहे ते."

घड्याळजींनी बायकोकडे नुसतं पाहिलं. मग आत गेले, कपाटावरचा पत्र्याचा डबा काढला, त्यावरची धूळ बाहीनं पुसली, भिंग डोळ्याला लावलं आणि एका फुलापाशी नाक नेलं.

"हा पडदा उचलायचा आणि याला त्याच्यावर टेकवायचं. एवढंच ना?"

"एवढंच."

त्यांनी सर्वांत बारीक चिमटा निवडला. डाव्या हाताच्या दोन बोटांत फूल धरलं, चिमट्याची एक हालचाल झाली, अंगठ्यानं हलकेच दाबलं आणि हात काढून घेतला. झालंसुद्धा. "आता पुढचं," ते म्हणाले.

न लागलेलं व्हॅनिलाचं फूल दुसऱ्या दिवशी गळून पडतं, लागलेलं देठाला धरून राहतं. दुसऱ्या सकाळी बाई उठल्या तेव्हा घड्याळजी आधीच वेलीपुढे उभे होते. कालची पाचही फुलं जागेवर होती आणि नवीन तीन उमलली होती. "आज उशिरा उमललीत," ते तक्रारीच्या सुरात म्हणाले, "मी साडेपाचपासून उभा आहे."

महिनाभर हे चाललं. माणूस सकाळी दाढी करून, स्वच्छ सदरा घालून, डबा काखेत मारून कामावर निघायचा. काम दाराबाहेर दहा पावलांवर होतं. नऊ वाजेपर्यंत फुलं संपली की कप्तानांना कुंपणापाशी बोलावून एकेक शेंग दाखवायची. घड्याळजी बोलायला लागले की थांबायचे नाहीत. बाईंनी एकदा चहा पाहिजे का म्हणून विचारलं, तर पडद्याच्या जाडीवर दहा मिनिटांचं व्याख्यान ऐकावं लागलं. चहा दोघांचाही निवला. बाईंना वाईट वाटलं नाही.

हिरव्या घेवड्यासारख्या सव्वीस शेंगा लोंबायला लागल्या. पिकायला नऊ महिने.

सातव्या महिन्यात नणंदबाई आलेल्या असताना वादळ झालं. खरं तर वादळ दूर समुद्रातच फिरलं, पण त्या दुपारी मोठी भरती होती आणि वाऱ्यानं पाणी किनाऱ्यावर लोटलं. कप्तान धरून चौघंही स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभे होते. एक लाट भिंतीवरून डोकावली, दुसरी सरळ आत आली. बघता बघता अंगणात पोटरीभर पाणी झालं, वाफे दिसेनासे झाले, जाळीचा एक खांब आडवा झाला. तासाभरानं पाणी उतरलं. सगळी पानं चकचकत होती, जणू कुणी धुऊन ठेवली होती.

बाई मागच्या पायरीवर बसल्या. यंत्र आत टेबलावर होतं; ते आणायला त्या उठेनात.

"मोजत नाही का?" घड्याळजींनी विचारलं.

"काय मोजायचं? समुद्रच आलाय."

"तरी मोज. मोजल्याशिवाय तुझा पाय इथून हलायचा नाही, मला माहीत आहे."

त्यांनीच यंत्र आणून दिलं. बाईंनी पेल्यात वाळू घेतली, गोड्या पाण्यात ढवळली, गाळ बसू दिला, कांडी बुडवली. आकडा अठरा. नेहमी तो एकच्या आसपास असायचा. बाई त्या आकड्याकडे बघत राहिल्या, आणि हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर प्रयोगशाळेतली बाई परत आली.

"वाळू आहे ही," त्या म्हणाल्या. "चिकणमाती असती तर संपलं होतं. वाळूतून मीठ जितक्या लवकर आत येतं तितक्याच लवकर धुऊन जातं. टाकीत पाणी किती आहे?"

छतावरच्या पावसाच्या पाण्याची टाकी भरलेली होती. कप्तानांनी आपल्या विहिरीवरून पंप लावून कुंपणावरून नळी टाकली. घड्याळजींनी झारी घेतली. नणंदबाई काठी टेकत पायरी उतरल्या आणि चिखलात उभ्या राहिल्या.

"मी कुठं घालू ते सांग," त्या म्हणाल्या.

"वन्सं, तुमचे गुडघे."

"गुडघे माझे आहेत, मी बघते. तू बादली दे."

संध्याकाळपर्यंत चौघांनी अंगण तीनदा भिजवलं. प्रत्येक भिजवणीनंतर बाई मोजायच्या आणि मोठ्यानं आकडा सांगायच्या. अकरा. सात. चार. दुसऱ्या सकाळी पुन्हा दोनदा. दुपारी आकडा दोनवर आला, तेव्हा नणंदबाईंनी खुर्ची मागवली आणि तीत बसून पहिल्यांदाच विचारलं, "ही वेल कसली गं?"

सगळं वाचलं नाही. ॲव्होकॅडो आठवड्यात उभं वाळलं, शेंगभाज्या गेल्या, स्ट्रॉबेरी गेली. कॉफीची पानं झडली, पण झुडपं तगली. किनाऱ्यावरून आणलेल्या खारट पानांच्या वेलीला मात्र मेजवानी मिळाल्यासारखं झालं. व्हॅनिलाच्या खोक्यात समुद्राचं पाणी शिरलं होतं. खालची मुळं काळी पडली, पानं पिवळी व्हायला लागली. बाईंनी दोन दिवस विचार केला. मग छातीच्या उंचीला, जिथं वेलीनं भिंतीत बोटं रोवली होती तिथं, कुजलेल्या पानांनी भरलेलं ओलं पोतं भिंतीला बांधलं. जमिनीतून नाही तर नाही, वरून खा. तिसऱ्या आठवड्यात वरच्या मुळांनी पोत्यात शिरकाव केला. पिवळेपणा थांबला. सात शेंगा गळल्या, एकोणीस राहिल्या.

नणंदबाईंचे पंधरा दिवस कधीच संपले होते. "शेंगा बघून जाते," असं त्या दर आठवड्याला म्हणत राहिल्या.

शेंगांची टोकं पिवळी पडली तेव्हा त्या काढल्या. त्यांना काहीच वास नव्हता; कप्तानांनी हुंगून बघितलं आणि सभ्यपणानं मान डोलावली. बाईंनी गरम पाण्याचं तापमान मोजून त्यात शेंगा तीन मिनिटं बुडवल्या. मग रोज दिवसा ऊन आणि सूर्य मावळला की लोकरीत गुंडाळून पेटीत. लोकर म्हणून नणंदबाईंची चांगली शाल गेली. त्यांनी दिली नव्हती, पण मागितलीही नाही परत. दहाव्या दिवशी शेंगा तपकिरी झाल्या आणि पेटी उघडताच वास आला. महिन्याभरात तो उशांना लागला, वर्तमानपत्रांना लागला, घड्याळजींच्या सदऱ्यांना लागला. पोस्टमन पत्र देऊन झाल्यावरही दारात जरा जास्त वेळ रेंगाळायला लागला.

पहिली शेंग त्यांनी दोन महिन्यांनी चिरली. घड्याळजींनी चिरली, म्हणजे भिंग लावून, उभी, टोकापासून टोकापर्यंत. आतले काळे कण दुधात पडले, बाईंनी कस्टर्ड केलं आणि चौघं मागच्या पायरीवर वाट्या घेऊन बसले. नणंदबाईंनी वाटी खरवडली.

"मी चाळीस वर्षं त्या दगडावर धुणं धुतलं," त्या शेवटी म्हणाल्या. "तिथं हे होऊ शकतं, हे मला कुणी सांगितलं नाही."

"मलाही कुणी सांगितलं नव्हतं, वन्सं."

"तुला मी नको सांगितलं होतं."

"ते मी ऐकलं होतं," बाई म्हणाल्या, आणि दोघीही हसल्या.

आता किनाऱ्यावरच्या दहाबारा घरांमागे जाळ्या ताणलेल्या दिसतात. लोक पिशवीत वाळू घेऊन येतात आणि बाई ती मोजून देतात. फुलांच्या महिन्यात घड्याळजी सकाळी कुणालाच भेटत नाहीत. गेल्या वर्षी त्र्याऐंशी फुलं झाली आणि त्यातली एक्क्याऐंशी लागली. ती उरलेली दोन कुणी बिघडवली, यावरून त्यांचं आणि कप्तानांचं बोलणं चार दिवस बंद होतं. नणंदबाई आता वर्षातले पाच महिने इथंच असतात आणि आल्यागेल्याला बाग दाखवण्याचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलंय. त्यांच्या तोंडून ऐकलं तर कुणालाही वाटेल की सगळं त्यांच्याच सल्ल्यानं झालं. बाई मधे बोलत नाहीत.

यंदा कॉफीच्या पाचही झुडपांना लालभडक फळं लागलीत. ती सोलायची कशी, वाळवायची किती आणि भाजायची कुठल्या भांड्यात, यावर पायरीवर रोज सभा भरते. कप्तानांचं मत एक, नणंदबाईंचं दुसरं. बाईंनी कुणाचंच न ऐकता फळांच्या पाच लहान वाट्या मांडल्यात, प्रत्येकीला चिठ्ठी चिकटवलीय आणि वहीचं नवं पान उघडलंय.